तानाबाईंच्या बोटांचा वास

तानाबाई गेल्याची बातमी आली तेव्हा माझा उजवा हात भातात होता. मी लेकीकडे तिरोड्याला गेले होते. दुपारच्या गाडीनं आमचा सालदार आला, अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, “आजी, बाई गेल्या. पहाटेच गेल्या.” माझ्या तोंडात घास होता, वालाच्या शेंगांची भाजी आणि नवा भात. माणूस अशा वेळी घास थुंकतं, ताट सारतं, निदान थांबतं तरी. मी तो चावला आणि गिळला. नुसता गिळला नाही, मला त्याची चव लागली, मीठ जरा कमी आहे हेही कळलं. मग रडू आलं. पोटाला बातमी उशिरा पोचते, असं आमचा दामू म्हणतो... दामू म्हणजे माझा मुलगा, गोंदियाला डॉक्टर आहे. पोचत असेल उशिरा. पण त्या घासाची मला अजून शिसारी येते. दीड महिना झाला, वालाची भाजी मी ताटात घेतलेली नाही.

मी कुडव्याला, गोंदियाजवळच्या आमच्या गावी, घरी पोचले तोवर तानाबाईंना नेलं होतं. सून म्हणाली, नेताना अंगणात जरा बोलाबोली झाली. आमचं घर माळकऱ्यांचं. आमच्यात माणूस जातं ते गळ्यातल्या तुळशीच्या माळेसकट जातं. तानाबाईंची माळ मात्र पस्तीस वर्षं गोठ्यातल्या खुंटीला. दामूनं ती काढून आणली आणि म्हणाला, आत्याच्या गळ्यात घाला. तर भजनातले दोघे-तिघे म्हातारे पुढे झाले. “तिची माळ बुवांनी उतरवलेली आहे, दामू. तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं बकऱ्याचं खाल्लं म्हणून. तुले मालूम नाही, तू लहान होतास.” शेवटी तशीच नेली, माळ परत खुंटीला. त्या संध्याकाळी दामू माझ्यासमोर बसला आणि त्यानं विचारलं, “माय, आत्यानं खाल्लं होतं?” मी म्हणाले, “आधी जेवून घे.” तो जेवला, मी वाढलं, आणि उत्तर राहून गेलं. तेच देण्यासाठी हे लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही, अक्षरं शिकले ती दामूच्याच पाटीवर, त्याच्या मागे बसून. तेव्हा भाषा जशी येईल तशी वाचा.

तानाबाई माझी थोरली नणंद. लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांची, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन परत आलेली. मी सून म्हणून आले तेव्हा ती पंचविशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर तळ्यापलीकडचा गडी ओ द्यायचा. आणि खायची आवड. बायकोमाणसानं खायची आवड सांगू नये म्हणतात, विधवेनं तर नाहीच, पण ती सांगायची. शिळ्या भाताला फोडणी, लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी... सगळ्यांची ताटं झाली की ती आणि मी चुलीपाशी जेवायचो, आणि ती पातेल्याच्या बुडाची खरपूड काढून माझ्या ताटात टाकायची. “खा वं वैनी, हे पुरुषांले नाही मिळत.” मला त्या घरात पहिलं प्रेम कोणी केलं असेल तर तिनं.

जर्मनांशी पहिली लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट सांगते. दामू तीन वर्षांचा होता आणि दामूचे बाबा आजारी पडले. आजारी म्हणजे झोपले नाहीत, उलट खात सुटले. चार माणसांचा भात एकटे खायचे आणि तासाभरानं पुन्हा भूक. घागरभर पाणी प्यायचे. आणि अंग मात्र असं वाळत गेलं की बंडी हँगरवर... नाही, तेव्हा कुठले हँगर, खुंटीवर टांगल्यासारखी दिसायची. परसात ते जिथं लघवीला बसत तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. एकदा मी गोठ्यात गेले तर म्हशीच्या टोपल्यात कोंडा भिजवून ठेवलेला, आणि हे त्यात वाकून दोन्ही हातांनी तो खाऊन राहिले होते. दाढीला कोंडा. मला पाहिलं आणि हसले. लाजेनं हसले. मी त्यांच्यावर जीव टाकत होते, पण त्या क्षणी मला ओकारी आली हे खरं आहे, आणि ती त्यांना दिसली हेही खरं.

तानाबाई रोज सकाळी गोंदियाला दूध घालायला जायची. स्टेशनापाशी रेल्वेच्या डॉक्टरचा बंगला होता, बंगाली डॉक्टर, बोलणं सगळं हिंदीत. तिनं भावाला त्यालाच दाखवलं. त्यानं लघवी तपासली आणि भात बंद केला. आमच्याकडे भात बंद म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. हे म्हणाले, “मंग खाऊ काय, धानाच्या बांधीतली माती?” भात बंद करूनही फरक पडेना. तेव्हा डॉक्टरबाबूनं तानाबाईला एक गोष्ट सांगितली. ती तिनं मला सांगितली, जशीच्या तशी. तो म्हणाला, “देखो बाई, खाना पेट से नीचे उतरता है तो वहाँ की अंतड़ी खून के हाथ एक चिट्ठी भेजती है. पेट के पीछे एक गाँठ है, उसको चिट्ठी मिलती है तब वो अपना काम करती है. तुम्हारे भाई की चिट्ठी नहीं जा रही.” त्यानं कुठेसं वाचलं होतं की बकऱ्याच्या किंवा डुकराच्या आतड्याच्या वरच्या टोकाचं अस्तर खरवडून, त्याचा अर्क काढून दिला तर एखाद्याला गुण येतो. नक्की नाही म्हणाला. करून पाहू म्हणाला. त्याच्या कंपाउंडरनं कानाला हात लावले. आणि तानाबाई म्हणाली, मी करते.

आता करणं म्हणजे काय ते लिहिते, किळस आली तर येऊ द्या. पहाटे दूध घेऊन जायचं, परतताना खाटकाकडून ताजं आतडं घ्यायचं, पोटाला लागून असतं ते वीतभर. पळसाच्या पानांत गुंडाळून, दुधाच्या रिकाम्या गंजात घालून आणायचं. घरात नाही, गोठ्यात. आधी गळ्यातली माळ काढून खुंटीला लावायची. मग आतडं उभं चिरायचं. आत हिरवट-पिवळं बुळबुळीत असतं, अर्धवट चावलेला पाला असतो, कधी जंत निघतात. ते धुऊन, तळ्यातल्या शिंपीनं, ज्या शिंपीनं आपण कैरी सोलतो तसल्या, आतलं अस्तर खरवडायचं. त्याचा गाळ होतो, शेंबडासारखा. तो गाडग्यात घालून डॉक्टरनं दिलेल्या पाणी घातलेल्या तेजाबात उकळायचा. मग चिमूट-चिमूट सोडा टाकायचा, फेस यायचा. शेवटी फडक्यातून गाळायचं. निघायचं एवढंसं, वाटीचं बूड भरेल इतकं, गढूळ. आणि तो वास. गोठ्याचा वास मला कधी वाईट वाटला नाही, शेणात हात घालूनच वाढले, पण हा वास निराळा होता. ओकारीनंतर तोंडात राहतो ना, तसा. नंतर तानाबाई राखेनं हात घासायची, विहिरीवर आंघोळ करायची, माळ घालायची आणि घरात यायची.

भावाला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. कडू काढा आहे म्हणून मी पाजायचं. बायकोच्या हातून गेलं की शंका नको. दसऱ्याच्या सुमाराला पहिली वाटी तिनं माझ्या हातात दिली. “नाक धरून दे वं. आणि तू हुंगू नको.” मी हुंगलं. सैपाकघरात मोरीपाशी उभी होते. ह्यांच्या गळ्यात माळ, माझ्या गळ्यात माळ, देव्हाऱ्यात दिवा, आणि माझ्या हातात ते. मी सात पिढ्यांचं पुण्य वगैरे काही मनात आणलं नाही, धर्माचंही कारण पुढे करत नाही. मला किळस आली. बस. मी वाटी मोरीत ओतली, वर पाणी ओतलं, काडेचिराइताचा काढा तयार होता तो वाटीत घेतला आणि ह्यांना दिला. ते कडू तोंड करून म्हणाले, “ताना काय काय आणते कुठून कुठून.”

उद्या देईन म्हटलं. दुसऱ्या दिवशीही मोरीत. तिसऱ्या दिवशी तर हुंगलंही नाही. असं दसऱ्यापासून होळीपर्यंत, रोज. रोज ती बाई गोठ्यात बसून बकऱ्याचं आतडं खरवडायची आणि रोज मी ते ओतून द्यायची. मधे एकदा ह्यांना बरं वाटलं, आठवडाभर भूक आवरली, आणि तानाबाई चुलीपाशी बसून रडली, आनंदानं. म्हणाली, “चिठ्ठी पोचली वाटते.” मी भाकरी थापत होते. मी थापत राहिले.

त्याच दिवसांत तिची खायची आवड गेली. ताटावर बसायची आणि घास उचलायच्या आधी बोटं नाकाशी न्यायची, हुंगायची. मग हात खाली. कधी अर्धं जेवण, कधी नुसती पेज. मी म्हणायची, “बाई, हात तर धुतले ना.” ती म्हणायची, “धुतले वं. वास आतमंदी गेला.” एकाच घरात दोन माणसं समोरासमोर, एकाची भूक मरत नव्हती आणि दुसऱ्याची जगत नव्हती, आणि मधे मी, दोन्ही वेळा पोटभर जेवणारी.

हे चैत्रात गेले. शेवटी श्वासाला पिकल्या फळासारखा वास यायचा आणि ते कोणाला ओळखत नव्हते.

वैशाखात बोभाटा झाला. गावातला कोणी लाकडं विकायला गोंदियाला जायचा, त्यानं तानाबाईला खाटकाच्या दुकानात पाहिलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. आमच्या ओसरीवर भजनाची मंडळी बसली. मधे बुवा, म्हणजे ज्यांच्या हातून गावात सगळ्यांनी माळ घातली ते. मी दाराआड. बुवांनी विचारलं, “ताना, आतडं कोणासाठी नेत होतीस? तुझ्या भावाले चारलंस काय?” भावाला चारलं म्हटलं असतं तर मेलेल्या माणसाची माळ बाटली असती, त्याचं तेरावं-चौदावं सगळं पुन्हा निघालं असतं, आणि उद्या दामूलाही कोणी पंगतीत घेतलं नसतं. तानाबाईनं एकदा दाराकडे पाहिलं. माझा पदर दिसत असणार. मग म्हणाली, “माझ्यासाठी नेत होती. पोटात कळ येत होती, कोणी सांगितलं, मी खाल्लं.” मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ना ह्यांनी प्यायलं, ना तिनं खाल्लं, सगळं मोरीत गेलं. एवढंच. मी दाराची कडी धरून उभी राहिले आणि बोलले नाही.

बुवांनी माळ उतरवायला लावली. प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य. ते कालवायला मलाच सांगितलं. त्याच गोठ्यात, ज्या दगडावर ती बसायची त्याच्याशेजारी बसून मी शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप कालवलं आणि वाटी ओसरीवर नेली. तिनं ती घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “हेही पोटातलंच की वं, वैनी.” आणि एका दमात प्यायली. बुवा म्हणाले, झालं, आता वर्षानं माळ घाल. वर्ष झालं, दहा झाली. तिनं घातली नाही. मी एकदा विचारलं, “काऊन नाही घालत, बाई?” तर म्हणे, “हात वास मारतात. तुळशीले कायले लावू?” भजन ती अंगणाच्या कडेला बसून ऐकायची. त्या आवाजाची बाई, टाळही हातात घेतला नाही.

दामू मोठा झाला, नागपूरला शिकून डॉक्टर झाला. ते शिकवलं तानाबाईनंच, दूध विकून, मी नाही. तो आला तेव्हा मी आडून आडून विचारलं, “काय रे, पूर्वी गोड लघवीवर कोणी बकऱ्याच्या आतड्याचा अर्क द्यायचे म्हणतात, त्याचं काय?” तो हसला. म्हणाला, “माय, कल्पना खोटी नव्हती. आतडं रक्तातून निरोप धाडतं हे खरं आहे. पोट किती रिकामं करायचं, पित्त कधी सोडायचं, असे पुष्कळ निरोप असतात, अजून सगळे सापडले नाहीत. पण तोंडानं दिलेला निरोप पोचत नाही. पोट तो अन्नासारखा पचवून टाकतं. सुईनं रक्तात जायला पाहिजे. आणि तुझ्या त्या रोगाला तर दुसराच निरोप लागतो, गाठीचा स्वतःचा.” म्हणजे डॉक्टरबाबू चुकला होता, आणि मी ओतून दिलं नसतं तरी हे गेलेच असते. मी त्या रात्री सुटल्यासारखी झोपले. आणि सकाळी उठून त्या झोपेचीही मला किळस आली.

सुईचं औषध आता मिळतं. ते गुरा-डुकरांच्या त्याच गाठीतून काढतात, दामूनं मला हळूच सांगितलं. आमचे बुवा शेवटची चार वर्षं त्या सुईवर जगले. दामू रोज जाऊन टोचायचा, गळ्यातल्या माळेखाली दंड उघडा करून. त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तानाबाईला म्हणाले, “जाऊन सांगा ना त्यांले, काय घेऊन राहिले ते.” ती तांदूळ निवडत होती. “जगू दे वं म्हाताऱ्याले,” म्हणाली.

आता शेवटचं. मी तिरोड्याला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती फार थकली होती, पण बोटं चालत होती. मला काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “बाई, एक सांगू? दामू म्हणतो, ते आतड्याचं औषध तोंडानं दिलेलं लागूच पडत नसते. तुम्ही जिवाले लावून घेऊ नका.” तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, असं मी स्वतःला सांगते. ती शेंगेचा दोर ओढत म्हणाली, “लागू पडते का नाही, ते मांजरीले विचार.”

माझे हात थांबले.

“कोणती मांजर?”

“मोरीमागची. पांढरी. त्या साली कशी गुबगुबीत झाली होती, पाहिली नाही काय? मी गोठ्यातून आली का ती मोरीच्या तोंडाशी जाऊन बसे. मलेच कळलं नाही दोन-तीन दिवस, ही काऊन बसते म्हणून. मंग पाहिलं.”

दोन-तीन दिवस. म्हणजे दसऱ्यापासूनच. मी म्हणाले, “मंग रोज आणत कायले राहिल्या?”

तिनं तीन-चार शेंगा सोलल्या. “रोज वाटे, आज हिची किळस मरन,” म्हणाली. “एखाद्या दिवशी मरन, आणि त्या दिवशी वाटी रिकामी नसावी म्हणलं.” मग सुपातले वाल पाखडले आणि म्हणाली, “लेकीसाठी घेऊन जा इतकुसे. ताजे आहेत.”

तेच वाल मी तिरोड्याला नेले. तीच भाजी मी खात होते.

तर दामू, तुझं उत्तर असं. आत्यानं खाल्लं नाही. तुझ्या बाबांनी प्यायलं नाही. माझं लिहिलेलं तू तपासून देतोस म्हणून हे कागद तुझ्याच टेबलावर ठेवते... इथवर लिहून ठेवले आणि दोन दिवस मी स्वयंपाकघराबाहेर आले नाही. परवा त्यानं ते परत दिले. पहिल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, ऱ्हस्व-दीर्घ, कुठे हँगर शब्दाखाली रेघ. मोरीचं पान आलं तिथपासून पुढे एकही खूण नाही. चुका तर पुष्कळ असणार. तो दारात उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “माय, आधी जेवून घे.”

त्याच दिवशी सकाळी मी माझी माळ काढून गोठ्यात तिच्या माळेशेजारी लावली होती. दगडामागे ती शिंपी अजून आहे, धार झिजलेली. सुनेनं ताट वाढलं, भात आणि वरण. मी बसले, आणि घास उचलायच्या आधी माझा हात आपोआप नाकाशी गेला. पस्तीस वर्षं समोर पाहिलेलं, तसंच. मी हुंगून पाहिलं, एकेक बोट. भाताची वाफ, थोडी हळद. दुसरा कसलाही वास नाही. स्वच्छ आहेत माझी बोटं, तेव्हाही होती.